या, पण राहायला येऊ नका

ओरेगॉन हे नाव बऱ्याच मराठी घरांत पोहोचलं ते 1981 नंतर. पुण्याच्या कोरेगाव पार्कातला आश्रम सोडून रजनीश अमेरिकेला गेले आणि त्यांच्या शिष्यांनी ओरेगॉन राज्याच्या मधल्या, कोरड्या मुलखात सुमारे 64 हजार एकरांचं गुरांचं रान विकत घेतलं. तिथे रजनीशपुरम वसलं. त्या वसाहतीतल्या रोल्स रॉइस गाड्या, शेजारच्या अँटेलोप गावाशी झालेलं भांडण, पुढे उघडकीला आलेले गुन्हे, हे सगळं आपल्याकडे चवीनं वाचलं गेलं. एक गोष्ट मात्र त्या गदारोळात मागे पडली. या वसाहतीपुढे अगदी सुरुवातीला उभी राहिलेली अडचण धर्माची नव्हती, जमिनीची होती. शेतीसाठी राखून ठेवलेल्या रानात नवं शहर वसवता येतं का, असा तो प्रश्न होता. तो विचारणारी संस्था होती 'वन थाउजंड फ्रेंड्स ऑफ ओरेगॉन', म्हणजे ओरेगॉनचे एक हजार मित्र. ज्या कायद्याच्या आधारानं ती विचारत होती तो 1973 चा होता. कायदा आणि संस्था या दोहोंमागे माणूस एकच, टॉम मॅकॉल. 1967 ते 1975 अशी आठ वर्षं ते ओरेगॉनचे गव्हर्नर होते.

गव्हर्नर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजभवन आणि शपथविधी येतो. अमेरिकेतला गव्हर्नर तसा नसतो. लोकांनी थेट निवडून दिलेला तो राज्याचा कारभारी असतो, म्हणजे जवळपास आपला मुख्यमंत्रीच. फरक इतकाच की विधिमंडळात त्याच्या पक्षाचं बहुमत असेलच असं नाही. तेव्हा ज्याला काही करून दाखवायचं आहे त्याला विरोधकांशी बोलावंच लागतं. मॅकॉल रिपब्लिकन पक्षाचे, पण त्या पक्षातल्या मधल्या फळीचे. मवाळ. आपल्याकडे हा शब्द रानडे-गोखल्यांच्या काळापासून चालत आला आहे आणि त्याला उगाचच मिळमिळीतपणाची छटा चिकटली आहे. मॅकॉल यांची कारकीर्द वाचताना ती छटा पुसली जाते. दोन टोकांच्या मधे उभा राहणारा माणूस किती धाडसी असू शकतो, हे त्यांनी आठ वर्षांत दाखवलं.

त्यांचा जन्म 22 मार्च 1913 चा, मॅसॅच्युसेट्समधला. दोन आजोबा दोन तऱ्हांचे. वडिलांचे वडील सॅम्युअल मॅकॉल हे मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर झालेले, स्वतंत्र बाण्याचे राजकारणी. आईचे वडील थॉमस लॉसन हे तांब्याच्या शेअर बाजारात अफाट पैसा कमावलेले. पुढे याच लॉसन यांनी त्या बाजारातल्या लबाड्या लेखमाला लिहून चव्हाट्यावर आणल्या आणि स्वतः मात्र कंगाल होऊन वारले. मुलीनं आणि जावयानं पश्चिमेला जाऊन ओरेगॉनमधल्या प्राइनव्हिल गावाजवळ, क्रुकेड नदीच्या काठी गुरांचं रान घेतलं. टॉम तिथे वाढले. घर दिमाखदार आणि खिशाला ओढ, अशा अवस्थेत मंदीची वर्षं गेली. बोलण्यात मॅसॅच्युसेट्सचा घरंदाज हेल आणि रानातला मोकळेपणा यांचं मिश्रण झालं, ते शेवटपर्यंत राहिलं. उंची साडेसहा फुटांना एखादा इंच कमी. हा माणूस दारातून आत आला की खोलीतलं बोलणं थांबायचं.

1936 मध्ये ओरेगॉन विद्यापीठातून पत्रकारितेची पदवी, मग शेजारच्या आयडाहोत वर्तमानपत्रात नोकरी, युद्धात नौदलाचे वार्ताहर, मग पोर्टलंडला रेडिओ, गव्हर्नर डग्लस मॅके यांच्या कार्यालयात काही वर्षं. 1954 साली त्यांनी प्रतिनिधिगृहाची निवडणूक लढवली. आपल्याच पक्षाच्या विद्यमान सदस्याला उमेदवारीत हरवलं आणि मुख्य लढतीत डेमोक्रॅट ईडिथ ग्रीन यांच्याकडून स्वतः हरले. ते परत बातम्यांकडे वळले, या वेळी टेलिव्हिजनवर. हा पराभव त्यांच्या आणि ओरेगॉनच्याही पथ्यावर पडला असं मला वाटतं. वॉशिंग्टनला गेले असते तर 435 सदस्यांपैकी एक झाले असते. घरी राहिले, म्हणून नदी दिसली.

ती नदी विलामेट. सुमारे 300 किलोमीटर लांब, राज्याच्या सगळ्यात सुपीक खोऱ्यातून वाहत पोर्टलंडशी कोलंबियाला मिळणारी. राज्यातली बहुतेक वस्ती याच खोऱ्यात आणि कागदाचे कारखानेही इथेच. लगदा शिजवून उरलेलं काळपट पाणी, फळं-भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्यांची घाण, गावांचं मैलापाणी, सगळं नदीत. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की त्यातला प्राणवायू इतका घटे की मासे तगत नसत. 1938 सालीच मतदारांनी कौल देऊन प्रदूषणविरोधी मंडळ नेमायला लावलं होतं, पण त्या मंडळाच्या हातात बळ नव्हतं. नोव्हेंबर 1962 मध्ये मॅकॉल यांनी केजीडब्ल्यू वाहिनीवर एक माहितीपट दाखवला, नाव 'पोल्यूशन इन पॅरडाइज'. नंदनवनातली घाण. फेसाळ पाणी आणि ते सोडणारे पाइप त्यांनी थेट पडद्यावर आणले, कारखान्यांकडे बोट दाखवलं, आणि हा पैसा-नोकऱ्या विरुद्ध निसर्ग असा झगडा नाही, दोन्ही टिकवता येतात, असं ठामपणे सांगितलं. पुढच्याच वर्षी विधिमंडळानं प्रदूषण करणाऱ्यांवर कारवाईचे अधिकार वाढवले.

लोकांना हा चेहरा लक्षात राहिला. 1964 मध्ये ते राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणून निवडून आले, 1966 मध्ये गव्हर्नर. विरोधात डेमोक्रॅट रॉबर्ट स्ट्राउब होते. ही निवडणूक दोन्ही उमेदवार नदी आणि निसर्गाच्या नावावर लढले. विलामेटच्या दोन्ही काठांवर हिरवा पट्टा राखण्याची मूळ कल्पना स्ट्राउब यांची. मॅकॉल यांनी ती निवडून आल्यावर टाकून दिली नाही, उचलली. प्रतिस्पर्ध्याची चांगली कल्पना आपल्या सरकारात राबवायला मन मोठं लागतं.

गव्हर्नर होऊन फार दिवस झाले नव्हते तोच प्रदूषण मंडळाचे जुने अध्यक्ष वारले. मॅकॉल यांनी त्या जागी काही काळ स्वतःचीच नेमणूक केली. राज्याचा प्रमुखच मंडळाच्या खुर्चीत येऊन बसल्यावर कारखानदारांना काय ते समजलं. 1972 पर्यंत काठावरचे कारखाने आणि गावं यांचं सांडपाणी दोन टप्प्यांत शुद्ध होऊन नदीत जाऊ लागलं होतं. शरद ऋतूतले चिनूक जातीचे सामन मासे पुन्हा प्रवाहावर चढू लागले, मुलं पोहू लागली. त्याच वर्षी 'नॅशनल जिऑग्राफिक'नं विलामेटवर मोठा लेख छापला तो सावरलेली नदी म्हणून.

पण त्यांच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात मनापासून आवडणारा प्रसंग नदीवरचा नाही, समुद्रावरचा आहे.

ओरेगॉनला 580 किलोमीटरच्या आसपास पॅसिफिकचा किनारा आहे. 1913 साली तिथे ऑस्वल्ड वेस्ट नावाचे डेमोक्रॅट गव्हर्नर होते. किनाऱ्याच्या जमिनी खासगी मालकांना विकल्या जात होत्या. वेस्ट यांनी एक साधी युक्ती केली. विधिमंडळाकडून त्यांनी भरतीरेषेपर्यंतची सगळी ओली वाळू सार्वजनिक महामार्ग म्हणून जाहीर करून घेतली. त्या काळी डोंगरांमुळे किनाऱ्यालगत धड रस्तेच नव्हते, टपालाच्या गाड्याही वाळूवरून जात. तेव्हा कोणाला वावगं वाटलं नाही. रस्ता विकता येत नाही, म्हणून समुद्रही विकला गेला नाही.

या कायद्यात एक फट राहिली. ओली वाळू लोकांची, पण तिच्या वरची कोरडी वाळू, जिथे माणसं चटई अंथरतात, पोरं किल्ले करतात, ती कोणाची? दोन पिढ्या कोणी विचारलं नाही. लोक जात राहिले. मग 1966 च्या उन्हाळ्यात कॅनन बीच गावातल्या एका मोटेलमालकानं आपल्या समोरच्या कोरड्या वाळूवर आडोसा घातला आणि ती जागा फक्त आपल्या गिऱ्हाइकांची, असं जाहीर केलं. बाहेरची माणसं तिथून उठवली जाऊ लागली. तक्रारी राजधानी सेलमला पोहोचल्या. खात्यांनी कागद तपासले तेव्हा लक्षात आलं की कायद्यानं त्या मालकाचं तोंड बंद करता येत नाही.

वनस्पती जिथून उगवू लागते त्या रेषेपर्यंतची वाळू लोकांच्या वापराला मोकळी राहील, असं विधेयक 1967 मध्ये आलं. खासगी मालमत्तेवर घाला, अशी ओरड झाली आणि विधेयक समितीत अडकलं. अडकवणाऱ्यांत गव्हर्नरांच्या स्वपक्षाचेच लोक पुढे होते. मॅकॉल यांनी समितीला पत्र लिहिलं आणि ते वर्तमानपत्रांच्या हाती पडेल याचीही तजवीज केली. पत्रांचा पाऊस पडू लागला. तरी रेषा नेमकी कुठे धरायची यावर घोळ चालूच राहिला. मग 13 मे 1967 ला मॅकॉल हेलिकॉप्टरनं थेट किनाऱ्यावर उतरले. बरोबर विद्यापीठातले शास्त्रज्ञ, मोजणीदार आणि वार्ताहरांचा तांडा. समुद्रसपाटीपासून 16 फूट उंचीची रेषा धरली तर लोकांच्या वाट्याला किती वाळू येते आणि ती खाली ओढली तर किती जाते, हे त्यांनी मोजणी करून कॅमेऱ्यांपुढे दाखवलं. विधिमंडळातला आकड्यांचा वाद संध्याकाळच्या बातम्यांत प्रत्येक घरात दिसला. ज्याला भरतीरेषेची व्याख्या कळत नव्हती त्यालाही आपली चटई कुठे बसते ते कळलं.

टेलिव्हिजनवर वर्षानुवर्षं काम केलेला माणूसच हे करू शकतो. पण यात केवळ देखावा नव्हता. तो मोजमापाचा पुरावा होता आणि लोकांपुढे ठेवला होता. विधेयक मंजूर झालं, 6 जुलै 1967 ला मॅकॉल यांनी सही केली. मोटेलमालकाचं प्रकरण न्यायालयात गेलं. 1969 मध्ये ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या बाजूनं निकाल दिला, आणि तोही वहिवाटीच्या जुन्या तत्त्वावर: लोक पिढ्यान्पिढ्या ही वाळू विनाअडथळा वापरत आले आहेत, म्हणून तो त्यांचा हक्कच. आपल्या गावोगावच्या पायवाटांवरून भांडणाऱ्या कोणालाही हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल.

एक गोष्ट मात्र न सांगून चालणार नाही. त्याच काळात मुख्य हायवे काही ठिकाणी समुद्रकाठच्या वाळूवरून नेण्याची योजना सरकारच्या रस्ते विभागानं आखली होती. तिच्याविरुद्ध आधी उभे राहिले ते स्ट्राउब. त्या श्रेयावर मॅकॉल यांचा हक्क नाही.

1970 चा मे महिना अमेरिकेत फार वाईट गेला. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. पोर्टलंडमध्ये विद्यार्थी आणि पोलीस यांची झटापट होऊन डोकी फुटली. आणि ऑगस्टच्या अखेरीस याच शहरात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं राष्ट्रीय अधिवेशन भरायचं होतं. अध्यक्ष निक्सन येतील अशी बोलवा होती. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातले हजारो तरुण तिथे धडकणार अशी चिन्हं दिसत होती, 50 हजारांचा आकडा बोलला जात होता. एका बाजूला युद्ध लढलेले प्रौढ, दुसऱ्या बाजूला युद्ध नको म्हणणारी पोरं, मधे बंदुका घेतलेलं सरकार.

पोर्टलंडमधल्या काही हिप्पी तरुणांनी गव्हर्नरांच्या कार्यालयाकडे एक सूचना आणली. शहरापासून दूर मोठा फुकट संगीत महोत्सव भरवू द्या. पोरं तिकडे जातील. आज वाचतानाही हे विचित्र वाटतं. निवडणूक दोन महिन्यांवर आली असताना एका रिपब्लिकन गव्हर्नरनं सरकारी उद्यानात रॉक संगीताचा उत्सव होऊ द्यायचा आणि तिथल्या गांजाकडे, उघड्यावरच्या आंघोळीकडे पोलिसांनी काणाडोळा करायचा! सल्लागारांत एड वेस्टरडाल यांनी ही कल्पना उचलून धरली. आपण राजकीय आत्महत्या करतो आहोत, असं मॅकॉल यांनी स्वतःच बोलून दाखवलं. आणि परवानगी दिली.

एस्टाकाडा गावाजवळच्या मॅकायव्हर उद्यानात 28 ऑगस्टपासून 'व्होर्टेक्स वन' भरला. किती लोक आले याचे अंदाज वेगवेगळे आहेत, हजारोंच्या संख्येनं आले एवढं निश्चित. अमेरिकेत एखाद्या राज्य सरकारच्या पाठबळानं झालेला हा त्या प्रकारचा एकमेव उत्सव म्हणून ओळखला जातो. निक्सन आलेच नाहीत. माजी सैनिकांचा मोर्चा निघाला, युद्धविरोधकांचाही निघाला आणि पोर्टलंडमध्ये रक्त सांडलं नाही. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मॅकॉल यांना पुन्हा निवडून दिलं, पुन्हा स्ट्राउब यांनाच हरवून.

मॅकॉल स्वतः तेव्हा युद्धाच्या कट्टर विरोधात नव्हते, हे इथे लक्षात घ्यायला हवं. पोरांशी ते सहमत नव्हते. तरी ती आपली पोरं आहेत आणि त्यांच्यावर गोळी चालता कामा नये, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच डिसेंबरात आयडाहोतल्या सन व्हॅलीत रिपब्लिकन गव्हर्नरांच्या बैठकीत उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी विरोधकांवर जहरी भाषण केलं. मॅकॉल यांनी त्या भाषणाला वार्ताहरांपुढे कुजकं आणि द्वेषानं भरलेलं म्हटलं. स्वपक्षाच्या उपाध्यक्षाबद्दल! राष्ट्रीय राजकारणात त्यांना पुढे मोठी जागा मिळाली नाही, त्यात नवल नाही.

जानेवारी 1971 मध्ये सीबीएस वाहिनीच्या मुलाखतीत त्यांनी ते वाक्य उच्चारलं जे आजही ओरेगॉनमध्ये पोराबाळांना पाठ आहे. पुन्हा पुन्हा भेटीला या, पण देवाशप्पथ, इथे राहायला येऊ नका. 1940 ते 1970 या काळात राज्याची लोकसंख्या 11 लाखांवरून जवळजवळ दुप्पट झाली होती, शेजारच्या कॅलिफोर्नियात काय झालं ते सगळे पाहत होते. हे बोलणं मला पूर्णपणे पटत नाही. स्वतः मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या माणसानं, नवं घर शोधत आलेल्या दुसऱ्याच्या तोंडावर दार लावून घ्यावं, यात काहीतरी खटकतं. तिथले मूळ रहिवासी तर त्याहून आधीचे. पण या वाक्याचं खरं काम वेगळंच झालं. वाढ म्हणजे आपोआप भलं, ही समजूत एका गव्हर्नरानं जाहीरपणे नाकारली आणि मग नियमांबद्दल बोलणं शक्य झालं.

बाटलीचा कायदा त्याच वर्षीचा. सेलममध्ये लाकूडतोडीची यंत्रं विकणारे रिचर्ड चेंबर्स नावाचे गृहस्थ होते. डोंगर आणि किनारे पायी फिरायचे आणि येताना लोकांनी फेकलेल्या बाटल्या-डबे वेचून आणायचे. बीअर-सोड्याच्या रिकाम्या बाटलीला परतीचे पैसे बांधले तर ती रस्त्यात पडणार नाही, हे त्यांच्या डोक्यात आलं आणि त्यांनी आमदारांचा पिच्छा पुरवला. 1969 मध्ये विधेयक पडलं, तेव्हा मॅकॉल यांनीही त्याला हात दिला नव्हता. 1971 मध्ये मात्र त्यांनी सगळी ताकद लावली. बाटली आणि डबे बनवणाऱ्या कंपन्यांचे लोक देशभरातून सेलमला आले, पण विधेयक पास झालं. 1 ऑक्टोबर 1972 पासून बहुतेक रिकाम्या बाटल्या आणि डबे दुकानात परत दिले की पाच सेंट मिळू लागले. अमेरिकेतला हा पहिला बाटली कायदा. रस्त्याकडेच्या कचऱ्यात अशा बाटल्या-डब्यांचा वाटा आधी 40 टक्क्यांच्या आसपास होता. 1979 पर्यंत तो सहा टक्क्यांवर आला. जुन्या बाटल्या देऊन पैसे घेणाऱ्या भंगारवाल्याला आपण लहानपणापासून पाहत आलो. अमेरिकेला त्यासाठी कायदा करावा लागला आणि तो एका चालणाऱ्या माणसानं सुचवला.

यानंतर राहिली जमीन, आणि तीच सगळ्यात अवघड.

विलामेट खोऱ्यातली काळी जमीन प्लॉट पडून संपत होती. पूर्वेकडच्या माळरानांवर दलाल नकाशे काढून पाण्याचा थेंब नसलेले तुकडे दूरच्या गिऱ्हाइकांना विकत होते. आपल्याकडे गुंठेवारी आणि एन.ए.चे फलक पाहिलेल्या माणसाला याचं वर्णन करून सांगायला नको. मागे 1969 च्या कायद्यानं सगळ्या काउंट्यांना आपापल्या जमिनींची विभागणी आखायला सांगितलं होतं, पण तो तसाच धूळ खात पडला.

8 जानेवारी 1973 ला, नव्या विधिमंडळासमोर मॅकॉल यांनी आपलं सर्वांत गाजलेलं भाषण केलं. जमीन उधळणाऱ्या हावऱ्या लोकांना त्यांनी नावानिशी नव्हे, पण धंद्यानिशी झोडपलं: माळावर प्लॉट पाडणारे, किनाऱ्यावर इमारतींची रांग लावणारे, शहराच्या कडेला शेतं गिळणारे. त्यांच्यापासून ओरेगॉन वाचवायला हवं, असं ते म्हणाले. शब्द इतके जहाल होते की मवाळ म्हणायला जीभ अडखळावी.

पण भाषणानं कायदा होत नाही. तो घडवला लिन काउंटीतले दुधाचा धंदा करणारे शेतकरी हेक्टर मॅकफर्सन यांनी. ते रिपब्लिकन सिनेटर होते. त्यांच्या जोडीला पोर्टलंडचे डेमोक्रॅट सिनेटर टेड हॅलॉक. विधेयक डगमगू लागलं तेव्हा कामगार संघटनेतून आलेले एल. बी. डे यांनी विरोधी बाजूच्या लोकांना एका टेबलाभोवती बसवून ते पुन्हा उभं केलं. राज्यानं ध्येयं ठरवायची, आराखडे गावांनी आणि काउंट्यांनी स्वतः करायचे, ही तडजोड त्यातली. सिनेट बिल 100 असं त्याचं नाव. सिनेटमध्ये 18 विरुद्ध 10, प्रतिनिधिगृहात 40 विरुद्ध 20 अशा मतांनी ते पास झालं आणि 29 मे 1973 ला त्यावर सही झाली. प्रत्येक शहरानं आपल्याभोवती वाढीची हद्द आखायची, हद्दीबाहेरची शेती शेतीच राहायची. आज पोर्टलंडहून गाडीनं बाहेर पडलं की एका ठिकाणी घरं थांबतात आणि शेतं, बागा सुरू होतात, ते या कायद्यामुळे.

याची किंमतही होती. हद्दीबाहेर वाडवडिलांची जमीन असलेल्या कुटुंबांना ती विकताना मोठा भाव सोडावा लागला. त्यांची तक्रार खोटी नव्हती. मॅकॉल यांच्या चाहत्यांनी ती अनेकदा हलक्यानं घेतली आणि 2004 मध्ये मतदारांनी या जमीनमालकांच्या बाजूचा एक ठराव मंजूर केला तेव्हा त्यांना धक्का बसला. तीन वर्षांनी दुसऱ्या कौलानं त्याची धार बरीच कमी झाली, पण प्रश्न मिटला असं म्हणता येत नाही.

करांच्या बाबतीत ते हरले. 1969 मध्ये विक्रीकराचा ठराव मतदारांनी प्रचंड मतांनी फेटाळला, 1973 मध्ये शाळांच्या पैशाची नवी योजनाही. लोकांना वाळू, नदी, बाटली समजावता आली, कराचं गणित समजावता आलं नाही. 1973 च्या दुष्काळात धरणांची वीज कमी पडली तेव्हा त्यांनी जाहिरातींचे दिवे बंद करायचा हुकूम काढला, आणि तेलटंचाईत पेट्रोल पंपांवरच्या रांगा आवरायला गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांची पद्धत लावली. इतर राज्यांनी ती उचलली.

राज्याच्या नियमाप्रमाणे लागोपाठ दोन मुदतींपुढे राहता येत नव्हतं. जानेवारी 1975 मध्ये ते पायउतार झाले, त्यांच्या जागी स्ट्राउब आले. त्याच वर्षी त्यांनी हेन्री रिचमंड या तरुण वकिलाबरोबर 'एक हजार मित्र' संस्था उभी केली, जमिनीचा कायदा कागदावर राहू नये म्हणून. 1978 मध्ये पुन्हा गव्हर्नर व्हावं असं त्यांना वाटलं. पक्ष तोवर बदलला होता. उमेदवारीच्या लढतीत व्हिक्टर अटिये यांनी त्यांना हरवलं.

1982 साल आलं. लाकडाचा धंदा कोसळला होता, ओरेगॉनमध्ये बेकारी वाढली होती, आणि दोष जमिनीच्या कायद्याला दिला जात होता. याच वर्षी मे महिन्यात रजनीशपुरमनं स्वतःला शहर म्हणून मतदानानं जाहीर केलं आणि 'एक हजार मित्र' त्याविरुद्ध लढत होते. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर सहा क्रमांकाचा ठराव होता, सिनेट बिल 100 चा गाभाच काढून टाकणारा. मॅकॉल यांना कॅन्सर होता आणि तो आता आवरणारा नव्हता. त्यांनी ते लपवलं नाही. प्रचारात उतरले, सभांतून, टेलिव्हिजनवरून बोलले. आपल्या हातून झालेलं काम गेलं तर आपल्यालाही या ओरेगॉनमध्ये जगायचं नाही, अशा अर्थाचं ते बोलले तेव्हा समोरच्यांना माहीत होतं की ही भाषणाची सजावट नाही.

2 नोव्हेंबर 1982 ला सुमारे 55 टक्के मतदारांनी ठराव फेटाळला. टॉम मॅकॉल 8 जानेवारी 1983 रोजी पोर्टलंडमध्ये वारले. विधिमंडळापुढच्या त्या भाषणाला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती.